उरलेले साडेपाच टक्के
डॉ. जे. अ‍ॅलन हायनेक यांच्या उडत्या तबकड्यांवरील कार्याचे मूल्यमापन

आकाशदर्शनाचा कार्यक्रम कोणत्याही गावी असो, दुर्बिणीभोवतीची गर्दी जरा विरळ झाली की एक प्रश्न हमखास येतो : 'उडत्या तबकड्या खऱ्या असतात का?' काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी आठवीतल्या एका मुलाने हाच प्रश्न विचारला आणि पुढे जोडले, 'मी पाहिली आहे.' रात्र बरीच झाली होती. रांगेत अजून पंचवीस-तीस जण उभे होते. आम्ही हसून म्हणालो, 'अरे, तसे काही नसते. तू शुक्र पाहिला असशील.' बाकीची मुले हसली. तो मुलगा रांगेतून बाजूला झाला.

उत्तर बहुधा बरोबर होते. तरी ते मनाला टोचत राहिले. अगदी असेच उत्तर एका नामवंत खगोलशास्त्रज्ञाने एकदा भर पत्रकार परिषदेत दिले होते आणि त्याची किंमत त्याला पुढची वीस वर्षे मोजावी लागली. त्याचे नाव डॉ. जोसेफ अ‍ॅलन हायनेक. उडत्या तबकड्यांच्या तपासात त्यांनी सुमारे अडतीस वर्षे घालवली. या काळात त्यांनी काय मिळवले, कुठे चुकले आणि त्यांच्या चुकांतून वर्गात शिकवणाऱ्याने काय घ्यावे, याचा विचार या लेखात करायचा आहे.

तबकडी हा शब्द आला कोठून?

२४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड हा अमेरिकन वैमानिक आपल्या छोट्या विमानातून वॉशिंग्टन राज्यातल्या माउंट रेनियर पर्वताजवळून चालला होता. त्याला नऊ चमकत्या वस्तू ओळीने वेगात जाताना दिसल्या. त्या कशा उडत होत्या हे सांगताना त्याने बशीची उपमा दिली. पाण्यावर आडवी भिरकावलेली बशी जशी टप्पे घेत जाते तशी त्यांची गती होती, असे त्याचे म्हणणे. ही उपमा गतीची होती. वृत्तपत्रांनी ती आकाराला चिकटवली आणि 'उडती तबकडी' जन्माला आली. त्यानंतर लोकांना आकाशात बशीच्याच आकाराच्या वस्तू दिसू लागल्या! ज्या शब्दाने एखादी गोष्ट सांगितली जाते, तो शब्द पुढच्या पाहणाऱ्याच्या डोळ्यांत शिरतो. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे तो पुन्हा लागणार आहे.

दुसरे महायुद्ध नुकतेच संपले होते आणि रशियाशी शीतयुद्ध सुरू होत होते. आकाशातल्या अनोळखी वस्तू शत्रूच्या तर नाहीत ना, अशी चिंता अमेरिकी हवाई दलाला वाटणे साहजिक होते. तपासासाठी 'प्रोजेक्ट साइन' ही योजना सुरू झाली. तिच्या जागी १९४९ मध्ये 'ग्रज' आणि १९५२ मध्ये 'ब्लू बुक' आली. योजनेचे कार्यालय ओहायो राज्यात डेटन येथे होते. तारे, ग्रह आणि उल्का यांमुळे होणारे घोटाळे बाजूला काढण्यासाठी एक खगोलशास्त्रज्ञ हवा होता. जवळच ओहायो स्टेट विद्यापीठात हायनेक शिकवत होते. १९४८ साली त्यांना सल्लागार म्हणून बोलावणे आले.

हायनेक यांचा जन्म १ मे १९१० रोजी शिकागोत झाला. १९३५ साली त्यांनी यर्कीज वेधशाळेत डॉक्टरेटचे काम पूर्ण केले. युद्धकाळात त्यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काम केले. १९५६ पासून स्मिथसोनियन खगोलभौतिकी वेधशाळेत कृत्रिम उपग्रहांचा दुर्बिणींनी माग काढण्याची जबाबदारी त्यांच्याकडे होती. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी स्पुटनिक उडाला तेव्हा साऱ्या जगाचे लक्ष या कामाकडे वळले. बेकर-नन नावाच्या मोठ्या कॅमेऱ्यांची जी बारा केंद्रे जगभर उभारली गेली, त्यांतले एक आपल्या नैनीतालला होते. १९६० पासून ते नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात खगोलशास्त्राचे प्रमुख होते. थोडक्यात, आकाश कसे पाहावे हे या माणसाला कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

पहिली चूक : घाईचे उत्तर

सुरुवातीला हायनेक यांना हा सारा प्रकार युद्धोत्तर खूळ वाटत होता. चार-दोन वर्षांत तो ओसरेल, तोवर प्रत्येक नोंदीला योग्य ते स्पष्टीकरण जोडून द्यावे, अशी त्यांची वृत्ती होती. पुष्कळ नोंदींच्या बाबतीत स्पष्टीकरणे बरोबरही होती. पण 'काहीतरी उत्तर दिलेच पाहिजे' ही सवय घातक ठरते. कॅप्टन मँटेल याचे प्रकरण पाहा. ७ जानेवारी १९४८ रोजी केंटकी राज्यात आकाशात दिसलेल्या एका चमकत्या वस्तूचा पाठलाग करताना हा वैमानिक ऑक्सिजनची सोय नसताना वीस हजार फुटांच्या वर गेला. त्याचे विमान कोसळले आणि तो मरण पावला. हायनेक यांनी गणित केले, तर शुक्र त्या वेळी साधारण त्याच दिशेला होता. म्हणून शुक्राचे नाव पुढे आले. परंतु भर दिवसा शुक्र शोधून काढणे किती कठीण असते हे खगोलशास्त्रज्ञाला वेगळे सांगावे लागत नाही. पुढे अधिक संभवनीय उत्तर निघाले ते 'स्कायहुक' या प्रचंड फुग्याचे. हे फुगे अमेरिकी नौदल अतिउंचीवरील प्रयोगांसाठी सोडत असे आणि त्यांची माहिती तेव्हा गुप्त होती. म्हणजे खरे उत्तर मिळण्यासारखी माहितीच हाती नव्हती. अशा वेळी 'माहिती अपुरी' असे लिहिणे हेच शास्त्रीय उत्तर होते. ते लिहिले गेले नाही.

याचाच मोठा अवतार मार्च १९६६ मध्ये मिशिगन राज्यात दिसला. डेक्स्टर गावाजवळच्या दलदलीवर २० तारखेला आणि हिल्सडेल येथील महाविद्यालयाजवळ २१ तारखेला रात्री दिवे दिसले. पाहणाऱ्यांत शेतकरी होते, पोलीस होते आणि वसतिगृहातल्या कितीतरी विद्यार्थिनी होत्या. वृत्तपत्रांनी गहजब केला. हायनेक तेथे गेले, थोडे दिवस फिरले, आणि २५ मार्चला डेट्रॉइट येथे पत्रकारांसमोर त्यांनी सांगितले, की हे दिवे दलदलीतल्या वायूमुळे दिसले असावेत. सडणाऱ्या वनस्पतींतून मिथेनसारखे वायू निघतात आणि क्वचित त्यांची मंद ज्योत दिसते, असे वर्णन जुन्या ग्रंथांत आहे. आपल्याकडे खेड्यांत यांनाच भुताचे दिवे म्हणतात.

हायनेक यांनी हा खुलासा केवळ या दोन घटनांपुरता आणि शक्यता म्हणून मांडला होता. पण एवढ्या बारकाव्याला कोण थांबतो? 'दलदलीचा वायू' हे दोन शब्द देशभर झाले. व्यंगचित्रे निघाली. मिशिगनचे लोक संतापले, कारण त्यांना वाटले, आपल्याला वेड्यात काढले. आक्षेपात तथ्यही होते. मार्चमध्ये तेथे कडक थंडी असते आणि थंडीत सडण्याची क्रिया मंदावते. वायूचा नमुना कोणी घेतला नव्हता. मिशिगनचे प्रतिनिधी जेराल्ड फोर्ड, जे १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांनी संसदीय चौकशीची मागणी केली आणि एप्रिलमध्ये ती झालीही.

आमच्या मते येथे हायनेक यांचा दोष खुलासा चुकीचा असण्याचा नव्हता. तो कदाचित बरोबरही असेल. दोष हा, की त्यांनी खुलासा तपासला नाही. 'असू शकेल' आणि 'आहे' यांच्यामधली वाट चालून जावी लागते. अधिकारी माणसाच्या तोंडून निघालेला न तपासलेला खुलासा लोकांना अफवेइतकाच वाईट वाटतो, आणि तो विज्ञानाच्या नावावर जमा होतो.

मन बदलले कसे?

डेट्रॉइटच्या आधीच हायनेक आतून बदलत होते. १९५२ मध्ये त्यांनी चाळीसहून अधिक खगोलशास्त्रज्ञांना खासगीत विचारले, की तुम्हाला कधी न उलगडलेले काही दिसले आहे का? काहींनी होकार दिला, पण हसे होईल म्हणून त्याची वाच्यता केली नव्हती. २४ एप्रिल १९६४ रोजी न्यू मेक्सिको राज्यात सोकोरो येथे लॉनी झमोरा या पोलिसाने जमिनीवर उतरलेली अंडाकृती वस्तू पाहिल्याचे सांगितले. जमिनीवर खुणा आणि जळलेली झुडपे होती. हायनेक तेथे जाऊन झमोराला भेटले आणि हा माणूस खोटे बोलत नाही, असे त्यांचे मत झाले. एकीकडे असे साक्षीदार आणि दुसरीकडे प्रकरण कसेबसे मिटवू पाहणारे हवाई दलाचे कार्यालय. सल्लागाराचा धीर सुटू लागला. ऑक्टोबर १९६६ मध्ये 'सायन्स' या साप्ताहिकात त्यांचे पत्र आले, की या विषयाचा गांभीर्याने अभ्यास व्हायला हवा.

ॲरिझोना विद्यापीठातले वातावरणशास्त्रज्ञ जेम्स मॅकडोनाल्ड यांनी तेव्हा त्यांच्यावर उघड ठपका ठेवला : तुमच्या हाताखालून इतकी प्रकरणे गेली, मग अठरा वर्षे गप्प का बसलात? हा ठपका आम्हाला रास्त वाटतो. हायनेक यांची बाजूही समजण्याजोगी आहे. बोलले असते तर कागदपत्रे पाहायला मिळाली नसती, शिवाय विद्यापीठातले नाव गेले असते. पण सल्लागाराने आपले खरे मत आतल्या कप्प्यात ठेवले, की त्याच्या सल्ल्याला फक्त शिक्क्याची किंमत राहते.

यानंतर कोलोरॅडो विद्यापीठात एडवर्ड कॉन्डन या नामवंत भौतिकशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली समिती बसली. जानेवारी १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात कॉन्डन यांचा निष्कर्ष होता, की एकवीस वर्षांच्या या अभ्यासातून विज्ञानाच्या ज्ञानात भर पडलेली नाही आणि मोठा अभ्यास चालू ठेवण्याचे समर्थन करता येत नाही. हायनेक यांनी या अहवालावर कडक टीका केली. आतल्या प्रकरणांत कित्येक घटना न उलगडलेल्या असताना वरचा सारांश इतका ठाम कसा, हा त्यांचा प्रश्न योग्यच होता. १७ डिसेंबर १९६९ रोजी 'ब्लू बुक' बंद झाल्याचे जाहीर झाले. एकूण नोंदी १२,६१८. त्यांतल्या ७०१ 'अज्ञात' राहिल्या. भागाकार करून पाहा : सुमारे साडेपाच टक्के. हायनेक यांचे पुढचे सारे आयुष्य या साडेपाच टक्क्यांभोवती फिरले.

१९७२ चे पुस्तक

'द यूएफओ एक्स्पीरिअन्स' हे हायनेक यांचे १९७२ चे पुस्तक म्हणजे त्यांच्या विचारांचे सार. या विषयावरच्या सवंग पुस्तकांच्या ढिगात ते उठून दिसते. त्याची पहिली चांगली गोष्ट म्हणजे व्याख्या. हायनेक म्हणतात, की आपल्या हाती वस्तू नसते. असते ते कोणीतरी केलेले निवेदन. जाणकारांनी तपासूनही ज्याचा उलगडा होत नाही, असे निवेदन म्हणजे अज्ञात उडती वस्तू. यात परग्रहावरच्या यानाचा उल्लेखही नाही. दुसरी चांगली गोष्ट वर्गीकरण. रात्रीचे दिवे, दिवसा दिसलेल्या तबकड्या आणि रडार व डोळे या दोहोंनी टिपलेल्या वस्तू, हे दुरून पाहिलेल्यांचे तीन गट. जवळून, म्हणजे सुमारे दीडशे मीटरच्या आतून, पाहिलेल्यांचेही तीन : नुसती वस्तू दिसणे, मागे खुणा राहणे, आणि वस्तूजवळ सजीव दिसणे. शेवटच्या गटाचे नाव घेऊनच स्टीव्हन स्पिलबर्ग यांचा 'क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड' हा चित्रपट १९७७ मध्ये आला. त्यात खुद्द हायनेक क्षणभर दिसतात.

वर्गीकरण ही विज्ञानाची पहिली पायरी होय. लिनियसने वनस्पतींचे केले, मेंडेलेयेव्हने मूलद्रव्यांचे. पण चांगल्या वर्गीकरणातून पुढे काहीतरी हाती लागते. मेंडेलेयेव्हच्या तक्त्यातल्या रिकाम्या जागांनी न सापडलेल्या मूलद्रव्यांचे गुणधर्म आधीच सांगितले. हायनेक यांचे गट साक्षीदार किती लांब होता हे सांगतात. दिसलेल्या वस्तूविषयी काहीच सांगत नाहीत. याचे कारण व्याख्येतच आहे. जे ओळखता आले नाही ते सगळे एका पोत्यात भरले, की पोत्यातल्या वस्तूंमध्ये 'न ओळखलेले' याखेरीज दुसरे साम्य असेलच असे नाही.

त्यांचे दुसरे साधन म्हणजे दोन अक्षांचा आलेख. एका अक्षावर घटना किती विचित्र याचे गुण, दुसऱ्यावर साक्ष किती भरवशाची याचे. जी घटना अतिविचित्र आणि साक्षही भरवशाची, ती अभ्यासाला सर्वांत मोलाची. ऐकताना हे पटते. खरी गफलत मात्र इथेच आहे, म्हणून थोडे थांबू.

साक्षीदाराचा प्रामाणिकपणा आणि साक्षीची अचूकता

३ मार्च १९६८ च्या रात्री अमेरिकेच्या काही राज्यांवरून रशियाच्या झाँड-४ यानाशी संबंधित अवशेष वातावरणात जळत गेले. तुकडे पेटलेले होते, सरळ रेषेत आणि आवाज न करता गेले. कोलोरॅडो समितीतले खगोलशास्त्रज्ञ विल्यम हार्टमन यांनी या रात्रीची निवेदने तपासली. पुष्कळांनी जे होते तेच सांगितले : जळत्या ठिपक्यांची रांग. काहींनी मात्र लांबट यान सांगितले आणि त्याला उजेड असलेल्या खिडक्या होत्या असेही सांगितले. ओहायोतल्या एका शिक्षिकेने, ज्यांना डॉक्टरेटसह चार पदव्या होत्या, द्विनेत्रीतून पाहून उपड्या बशीसारख्या तीन वस्तूंचे वर्णन केले. आपला कुत्रा भ्यायला होता, हेही त्यांनी लिहिले. यांपैकी कोणी खोटे बोलत नव्हते. अंधारात तीन दिवे एकत्र सरकताना दिसले, की त्यांना जोडणारे शरीर आपला मेंदू भरून काढतो. आकार कोणता भरायचा, हे त्या काळच्या बोलण्यातून ठरते. अर्नोल्डची बशी इथे पुन्हा भेटते.

आता हायनेक यांचा सर्वांत भक्कम युक्तिवाद पाहू. १९५५ साली हवाई दलासाठी झालेल्या एका सांख्यिकी अभ्यासात तीन हजारांवर नोंदी तपासल्या गेल्या. त्यात असे दिसले, की निकृष्ट दर्जाच्या नोंदींपेक्षा उत्कृष्ट दर्जाच्या नोंदींतच 'अज्ञात' अधिक निघतात. हायनेक विचारतात, हा सारा भ्रमाचा खेळ असेल तर माहिती सुधारली की अज्ञात घटायला हवेत; इथे उलट कसे? प्रश्न चांगला आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. परंतु 'उत्कृष्ट' म्हणजे काय? साक्षीदार जबाबदार, निवेदन सुसंगत आणि तपशील भरपूर. झाँडच्या रात्रीचे निवेदन घ्या. ज्याने 'चार-पाच ठिपके गेले' एवढेच सांगितले, त्याची नोंद त्रोटक, पण बरोबर. ज्याने खिडक्या मोजल्या त्याची नोंद तपशीलवार, पण चूक. यानाची वेळ माहीत नसती तर पहिली नोंद 'उल्का असावी' म्हणून सुटली असती आणि दुसरी 'अज्ञात' म्हणून फडताळात गेली असती. म्हणजे भरपूर तपशील हा अचूकतेचा पुरावा नव्हे; कधी कधी तो मेंदूने किती भर घातली याचे माप असतो. हायनेक यांच्या आलेखात असे निवेदन मात्र दोन्ही अक्षांवर वरचे गुण मिळवते.

या शंकेला बळकटी मिळाली ती हायनेक यांच्याच घरातून. १९७३ मध्ये त्यांनी या विषयाच्या अभ्यासासाठी एक खासगी केंद्र स्थापन केले. तेथे अ‍ॅलन हेन्ड्री यांनी पूर्ण वेळ काम करून १,३०७ नोंदी एकेक करून तपासल्या. दूरध्वनीवर साक्षीदारांशी बोलायचे, विमानतळाला विचारायचे, ताऱ्यांच्या जागा पडताळायच्या. १९७९ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. सुमारे ९१ टक्के नोंदी उलगडल्या. सर्वांत मोठा गट तेजस्वी तारे आणि ग्रह यांचा होता. त्याखालोखाल रात्री दिव्यांची अक्षरे दाखवत फिरणारी जाहिरातीची विमाने होती, आणि ती पाहणाऱ्यांनी फिरत्या घुमटाच्या तबकड्या सांगितल्या होत्या. त्याहून महत्त्वाचे म्हणजे उलगडलेल्या आणि न उलगडलेल्या नोंदींमधले साक्षीदार आणि त्यांची वर्णने यांत ठळक फरक हेन्ड्रींना सापडला नाही. असे पुस्तक आपल्या संस्थेतून निघू देणे आणि त्याला प्रस्तावनाही लिहिणे, यात हायनेक यांचा मोठेपणा दिसतो. त्यातून निघणारा निष्कर्ष मात्र त्यांनी स्वीकारला नाही. उलट, यान परग्रहावरून येते ही कल्पनाही त्यांना पुढे अपुरी वाटू लागली आणि ते आणखी दूरच्या कल्पनांकडे वळले.

शिल्लक म्हणजे काय?

शाळेच्या कार्यालयात वर्षभरात सापडलेल्या छत्र्या जमा होतात असे समजा. शंभरांपैकी चौऱ्याण्णव छत्र्यांचे मालक सापडतात, सहा छत्र्या पडून राहतात. त्या सहा छत्र्या कोणाच्याच नव्हत्या, असे कोणी म्हणत नाही. त्यांच्यावर नाव नव्हते, किंवा मालक पाहुणा होता, किंवा कोणी विचारायला आले नाही, एवढेच. उरलेले साडेपाच टक्के आपोआप नवा शोध ठरत नाहीत. मात्र त्या सहांत एखादी खरोखर निराळी वस्तू नसेलच, असेही म्हणता येत नाही. ते ठरवायचे तर छत्री हातात घेऊन पाहावी लागेल.

या विषयाचे समर्थक नेहमी उल्कापाषाणांचा दाखला देतात. आकाशातून दगड पडतात, हे शेतकरी सांगत होते आणि विद्वान हसत होते. मग इथेही तसेच नसेल का? दाखला चांगला आहे, पण तो पूर्ण सांगायला हवा. २६ एप्रिल १८०३ रोजी फ्रान्समध्ये लेग्ल येथे दगडांचा वर्षाव झाला. झाँ-बाप्तिस्त बियो हा तरुण शास्त्रज्ञ तेथे गेला, गावोगाव साक्षी घेतल्या, दगड कोठे कोठे पडले याचा नकाशा काढला आणि दगडांची तपासणी झाली. साक्षी, नकाशा आणि दगड हे तिन्ही एकमेकांशी जुळले. साक्षीने त्याला दगडापर्यंत नेले. हायनेक यांची साक्षीदारांवरची श्रद्धा बियोच्याच जातीची होती. त्यांना दगड मात्र मिळाला नाही. २७ एप्रिल १९८६ रोजी त्यांचे निधन झाले. हॅलेच्या धूमकेतूच्या एका फेरीच्या वर्षी जन्म आणि पुढच्या फेरीच्या वर्षी मृत्यू, असा त्यांचा योग.

त्यानंतर काय झाले? हल्ली नाव बदलले आहे आणि अज्ञात 'घटना' असे म्हणतात. जून २०२१ मधल्या अमेरिकी सरकारच्या अहवालात १४४ नोंदी होत्या; एकीचाच खात्रीने उलगडा झाला, ती हवा जात असलेल्या फुग्याची. सप्टेंबर २०२३ मध्ये 'नासा'च्या तज्ज्ञ गटाने सांगितले, की परग्रहाशी संबंध जोडावा असा पुरावा नाही आणि मुख्य अडचण चांगल्या मोजमापांच्या अभावाची आहे. मार्च २०२४ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या अहवालानेही जुन्या साऱ्या तपासांत परग्रहावरच्या तंत्राचा पुरावा आढळला नसल्याचे म्हटले. दरम्यान खिशाखिशात कॅमेरे आले, तरी तो 'दगड' अजून आलेला नाही.

आपल्याकडचे दोन धडे

२०१२-१३ मध्ये लडाखच्या सीमेवर आपल्या जवानांनी आकाशात रोज दिसणाऱ्या दोन दिव्यांच्या तीनशेहून अधिक नोंदी केल्या. शेजारी देशाची हेरगिरीची साधने असावीत, असा संशय होता. नोंदी वेळ आणि दिशेसह होत्या. सैन्याने बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेचा सल्ला घेतला आणि पडताळणीत ते दिवे गुरू आणि शुक्र निघाले. यात हसण्यासारखे काही नाही. उंच, निर्मळ हवेत ग्रह फार तेजस्वी दिसतात आणि संशय घेणे हे पहारेकऱ्याचे कामच आहे. शुक्राचेच उत्तर मँटेलच्या वेळी अंदाजाने दिले गेले होते; इथे ते पडताळून मिळाले.

दुसरा प्रसंग २ एप्रिल २०२२ चा. गुढीपाडव्याच्या संध्याकाळी विदर्भापासून उत्तर महाराष्ट्रापर्यंत हजारो लोकांनी आकाशातून जळत जाणारी रांग पाहिली. उल्का, कोसळणारे विमान, क्षेपणास्त्र असे नाना तर्क झाले. मग चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावी धातूचे मोठे कडे पडलेले सापडले. एका चिनी अग्निबाणाचा तो भाग असावा, असे वेळ आणि मार्ग जुळवून तज्ज्ञांनी सांगितले. झाँडच्या रात्रीचीच ही आवृत्ती, फक्त या वेळी वस्तू हाती आली. ज्या शाळांतल्या मुलांनी तो देखावा पाहिला, त्यांच्या शिक्षकांनी दुसऱ्या दिवशी एकमेकांशी बोलू न देता प्रत्येकाकडून वर्णन लिहून घेतले असते, तर साक्षीच्या अभ्यासाचे केवढे साहित्य जमले असते!

वर्गात काय करता येईल?

हायनेक यांचे आमचे मूल्यमापन थोडक्यात असे. लोकांचे ऐकून घेण्याची आणि 'अज्ञात' हा रकाना रिकामा न ठेवण्याची त्यांची मागणी योग्य होती. पूर्वार्धात त्यांनी तो रकाना घाईने पुसला, उत्तरार्धात त्यातूनच शोध निघेल असे मानले. दोन्ही वेळा 'अजून माहीत नाही' या वाक्यावर थांबून राहणे त्यांना जमले नाही. ते कोणालाच सोपे नाही, आणि वर्गात उभे राहून तर मुळीच नाही.

म्हणून एक साधी वही सुचवतो. आकाशात काही विचित्र दिसले असे मुलाने सांगितले, की त्याच दिवशी लिहून घ्यावे. डाव्या पानावर फक्त दिसले ते : तारीख, वेळ, दिशा, किती वेळ दिसले, क्षितिजापासून किती उंच. हात लांब करून मूठ धरली की ती सुमारे दहा अंश भरते, त्यावरून उंची मोजता येते. उजव्या पानावर वाटले ते : काय असावे, किती मोठे, किती दूर. अंधारातल्या एकट्या दिव्याचे अंतर आणि आकार डोळ्यांना कळत नाहीत, म्हणून ही दोन्ही 'वाटले'च्या पानावर. नंतर पंचांग, ताऱ्यांचा नकाशा आणि उपग्रहांच्या वेळा पाहाव्यात. उलगडा झाला तर तो मुलानेच जाहीर करावा. न झाल्यास 'अज्ञात' असे लिहून शिक्षकांनी खाली सही करावी.

रांगेतून बाजूला झालेल्या त्या मुलाने त्या रात्री काय पाहिले होते, हे आम्हाला आजही ठाऊक नाही. तो सांगायला तयार होता. किती वाजता, कोणत्या दिशेला, किती वेळ, एवढे तीन प्रश्न विचारायला दोन मिनिटे लागली असती. ती नोंद आमच्यामुळे राहून गेली.